मांडीचा फाटलेला स्नायू पुन्हा भरतो का? मालिश करावी का?

कोल्हापुरात तालमीत लढताना भावाच्या मांडीमागचा स्नायू अर्धवट फाटला, तो पूर्ववत होईल का आणि तेलानं रगडावं का, असं तुम्ही विचारलंय. बराचसा भरून येईल. मालिश मात्र आत्ता अजिबात नको.

स्नायूच्या प्रत्येक तंतूभोवती पातळ आवरण असतं. त्या आवरणाखाली, तंतूला चिकटून, सॅटेलाइट पेशी सुप्तावस्थेत असतात. अलेक्झांडर मॉरो या शास्त्रज्ञानं १९६१ मध्ये बेडकाच्या स्नायूत त्या पहिल्यांदा दाखवल्या. तंतू तुटला की काही तासांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी येतात, त्यांच्या मागोमाग मॅक्रोफेज या भक्षक पेशी येऊन मेलेला भाग खाऊन टाकतात. मग हेच मॅक्रोफेज पवित्रा बदलून दुरुस्तीला लागतात. सॅटेलाइट पेशी जाग्या होतात, वाढतात आणि एकमेकींत मिसळून नवा तंतू घडवतात. त्याच वेळी फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजन हे चिवट धाग्यांचं प्रथिन भरून व्रण तयार करत असतात. व्रण वरचढ ठरला तर ती जागा ताठर राहते, आणि पुढच्या वेळी तिच्या शेजारीच पुन्हा फाटतं. सगळं पथ्य आहे ते यासाठी.

पहिले ३ ते ५ दिवस विश्रांती. इलॅस्टिक पट्टी बांधा, पाय उशीवर उंच ठेवा. बर्फ वेदनेपुरता, फडक्यात गुंडाळून १०-१५ मिनिटं. या दिवसांत रगडलं किंवा शेकलं तर आत पुन्हा रक्तस्राव होतो. साकळलेल्या रक्ताच्या जागी क्वचित हाडही धरतं, मग महिनोन्‌महिने पाय मोकळा होत नाही.

त्यानंतर मात्र पडून राहू नये, कारण नवे तंतू ओढ मिळेल त्या दिशेनं रांगेत लागतात. उताणं झोपून गुडघा थोडा वाकवायचा, टाच गादीत दाबून ५ सेकंद धरायची, असं १० वेळा. हे दुखल्याशिवाय जमलं की सपाट चालणं, मग स्नायू लांब होत असताना भार पेलणारे व्यायाम फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली. बैठका आणि पळणं त्याच्याही नंतर, लढत सगळ्यात शेवटी. दुखणं आधी थांबतं, कोलॅजन पक्कं व्हायला त्यापुढे कित्येक आठवडे लागतात. बरेच पैलवान नेमके या मधल्या काळात मातीत उतरतात आणि पुन्हा जायबंदी होतात, याचं मला फार वाईट वाटतं.

खुराक तोडू नका. दूध, अंडी, मटण, डाळी चालू राहू द्या. तंबाखू बंद, त्यानं रक्तपुरवठा आखडतो.

बसायच्या हाडाजवळ 'फट्' आवाज झाला असेल, बोटाला खड्डा लागत असेल, काळंनिळं पोटरीपर्यंत उतरलं असेल किंवा गुडघा जोरानं दुमडता येत नसेल, तर याच आठवड्यात ऑर्थोपेडिक सर्जनला दाखवून एमआरआय करा. हाडापासून सुटलेलं टोक आक्रसत जातं, उशीर झाला की ते जागेवर आणून शिवणं अवघड होतं.