नैरोबीचे तिकीट आधी, की लस आधी?

धरमपेठेतील 63 वर्षांच्या एका निवृत्त शिक्षकांनी विचारले आहे की, पत्नीसह दोन महिने मुलाकडे नैरोबीला जाण्यासाठी सवलतीची, परंतु रद्द केल्यास पैसे परत न मिळणारी तिकिटे आताच घ्यावीत का, आणि मुदत ठेव मोडावी लागू नये म्हणून लसी व प्रवास विम्याचा खर्च टाळता येईल का. त्यांना मधुमेह असून 5 लाखांचा मेडिक्लेम आहे.

माझ्या मते, तिकिटे थांबवावीत आणि पहिला खर्च डॉक्टरांच्या शुल्काचा करावा. केनिया पीतज्वराचा (यलो फीव्हर) धोका असलेल्या देशांत मोडत असल्याने तेथून परतताना लसीचे प्रमाणपत्र नसेल, तर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. ही लस केवळ सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनंतर ग्राह्य होते. ते 2016 पासून आजन्म वैध मानले जाते. मात्र ही जिवंत विषाणूची लस असून साठीनंतर तिच्या गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो, त्यामुळे आपल्याला ती द्यावी की नाही हे डॉक्टरच ठरवतील. त्यांनी नकार दिला आणि त्यामुळे प्रवासच रद्द करावा लागला, तर सवलतीच्या तिकिटांची सगळी रक्कम बुडेल. विषमज्वर व कावीळ 'अ' यांच्या लसी, तसेच मसाई मारा अभयारण्यात जाणार असल्यास हिवतापाच्या गोळ्या, यांविषयीही त्याच भेटीत विचारावे.

विम्यावर मात्र काटकसर नको. लसींचा खर्च ठरावीक असतो आणि तो पेन्शनमधून भागतो. परदेशातील रुग्णालयाचे बिल किती येईल हे कोणीच सांगू शकत नाही, आणि भारतातील बहुतेक मेडिक्लेम तेथे लागू होत नाहीत. स्वस्त पॉलिसीत आधीपासूनचे आजार बहुधा वगळलेले असतात, म्हणून अर्जात मधुमेह लपवू नये आणि त्यासंबंधीचे कलम हप्त्याच्या आकड्याआधी वाचावे. (मुलाने तेथूनच विमा काढून देतो म्हटले, तरी हेच कलम त्याला वाचायला लावावे.)

जुनी करप्रणाली निवडली असल्यास प्रतिबंधक आरोग्य तपासणीच्या 5,000 रुपयांपर्यंतच्या खर्चाची वजावट आरोग्य विम्याच्या वजावटीच्या एकूण मर्यादेत मिळते, पण त्यावर नियोजन उभे करण्याइतकी ती मोठी नाही. ठेवीची मुदत संपायला थोडेच महिने उरले असतील, तर ती मोडून व्याजावर दंड सोसण्यापेक्षा बँकेकडून तिच्यावर ओव्हरड्राफ्ट (ठेवीच्या तारणावरचे कर्ज) घ्यावा. मुदत दूर असेल, तर दोन्हींचा खर्च बँकेतून लेखी मागवून मगच ठरवावे.