अवधाण, लस आणि लसीका

परभणीकडच्या एका वाचकानं विचारलंय: पोराच्या तळपायात बाभळीचा काटा मोडला. तिसऱ्या दिवशी जांघेत बोराएवढी गाठ आली. आजी हात लावताच म्हणाली, "अवधाण आलंय." दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "लसीकाग्रंथी सुजलीय." दोन्ही एकच का? लसीका म्हणजे टोचायची लस का? आणि विज्ञानाचे सर म्हणतात की ती ग्रंथी नव्हेच, तर मग म्हणायचं काय?

आजीचं आधी घेतो, कारण तिचा शब्द सगळ्यांत नेमका आहे. जखम एकीकडं आणि गाठ दुसरीकडं, म्हणजे अवधाण. पायाला काटा, जांघेत अवधाण. बोटाला नखुरडं, काखेत अवधाण. काट्याच्या जागीच गळू झालं तर त्याला कुणी अवधाण म्हणत नाही. म्हणजे पायाचा आणि जांघेचा आतून काहीतरी रस्ता आहे, हे शब्दातच धरलेलं आहे. आमच्याकडं म्हातारी माणसं गाठीला फार हात लावू देत नसत. "काटा काढा, अवधाण आपसूक बसतं," असं म्हणत. शेक द्यायचे, पण शोध काट्याचाच.

तो रस्ता असा. केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांतून दिवसभर पाणी बाहेर पाझरत असतं. त्यातलं बरंचसं जागच्या जागी परत शिरतं, तरी दिवसाकाठी दोन-तीन लिटर मागं उरतं. हे उरलेलं पाणी म्हणजे लसीका. ते गोळा करून गळ्याच्या बुडाशी, हासळीच्या हाडामागच्या शिरांत सोडणाऱ्या नळ्यांचं जाळं म्हणजे लसीकातंत्र. दोन्ही पाय, पोट, डावा हात, छातीची आणि डोक्याची डावी बाजू यांचं पाणी एका मोठ्या नळीनं डावीकडं जातं. उरलेलं, म्हणजे उजवा हात आणि वरची उजवी बाजू, उजवीकडं. वाटणी अशी विषम का, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला छापखान्याची चूक वाटली होती.

या जाळ्याला हृदयासारखा पंप नाही. नळ्यांच्या भिंती थोड्या आकसतात, आपण चाललो की पोटऱ्यांचे स्नायू त्यांना दाबतात, श्वासाचाही हातभार लागतो. आत एकेरी झडपा आहेत, त्यामुळं पाणी पुढंच सरकतं.

परभणीच्या माणसाला हे कालव्यावरून चटकन कळेल. जायकवाडीचा डावा कालवा पाणी आणतो, पण शेतात निचऱ्याचा चर नसेल तर रान चिबडतं. रक्तवाहिनी म्हणजे पाट, लसीकावाहिनी म्हणजे चर. हत्तीरोगाचे जंत चरातच जाऊन बसतात, आणि मग पाय चिबडतो. काही कर्करोगांच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढाव्या लागतात. त्यानंतर कधीकधी हात सुजून राहतो, तोही निचरा तुटल्यामुळंच.

वाटेत चाळण्या आहेत, त्याच लसीकाग्रंथी. अंगभर सुमारे ६०० असतील. जांघ, काख आणि मान इथं त्यांचे झुबके आहेत. काट्याबरोबर आत गेलेले जंतू पाण्याबरोबर जांघेतल्या चाळणीत येतात, तिथं पांढऱ्या पेशींची गर्दी होते, चाळणी फुगते आणि ठणकते. हेच अवधाण.

म्हणून दोन्ही शब्द एक नव्हेत. लसीकाग्रंथी हे अवयवाचं नाव, अवधाण हे त्याच्यावर आलेल्या प्रसंगाचं. चाळणी कायमचीच आहे, अवधाण येतं आणि जातं. मराठीत मानेतल्या क्षयाच्या गाठींना गंडमाळ आहे, गुप्तरोगानं जांघेत येणाऱ्या गाठीला बद आहे. (गालगुंड यात धरू नका, ती लाळेच्या ग्रंथीची सूज.) निरोगी चाळणीला मात्र बोलीत नाव नाही. जे हाताला लागत नाही आणि दुखत नाही, त्याला नाव कोण ठेवणार?

आता लस. आपण टोचून घेतो ती लस हा या शब्दाचा नंतरचा अर्थ. जुना अर्थ अजून घराघरांत आहे: खरूज चिघळली की लस वाहते. पू घट्ट आणि पिवळा, लस पातळ, चिकट आणि जवळपास पाण्याच्या रंगाची. लस आणि संस्कृत लसीका यांचं कूळ एकच. चरकसंहितेच्या शारीरस्थानात अंगातल्या पाण्याचं माप दहा ओंजळी, ज्याच्या त्याच्या ओंजळीनं, असं दिलंय, आणि त्वचेखालचं जे पाणी जखमेतून दिसतं त्याला लसीका म्हटलंय. युरोपात कोपनहेगनच्या बार्थोलिननं १६५३ साली या नळ्यांचं वर्णन छापलं, तेव्हा त्यानं घेतलेल्या लॅटिन शब्दाचाही अर्थ स्वच्छ पाणी असाच.

मुंबईत १८०२ साली देवीविरुद्ध टोचणं सुरू झालं, ते एकाच्या दंडावरच्या फोडातला द्रव दुसऱ्याच्या दंडात असं. म्हणजे टोचलं जायचं ती अक्षरशः लसच होती. इंग्रजही त्या द्रवाला लसीकेचाच शब्द, 'लिम्फ', वापरत. पुढं फोड गेला, कुपी आली, नाव तेच राहिलं. आणि गंमत अशी की दंडात टोचलेल्या लशीचं मोठं काम काखेतल्या चाळणीतच होतं. कोरोनाची लस घेतल्यावर काहीजणांना त्याच बाजूच्या काखेत गाठ लागली होती. ते चक्क लशीचं अवधाण!

राहिले सर. त्यांचं शास्त्र बरोबर आहे: ग्रंथी रस स्रवते, ही चाळणी तसं काही करत नाही. म्हणून हल्ली काहीजण 'लसीकापर्व' लिहितात. मला ती धडपड नको वाटते. ग्रंथीचा संस्कृतातला मूळ अर्थच गाठ. स्रवणारी ग्रंथी ही आपण तिच्यावर नंतर चढवलेली झूल. सरांना चालत नसेल तर सरळ 'लसीकागाठ' म्हणा. लिहिताना दीर्घ 'सी' ठेवा, चरकातही तसंच आहे.

पोराचं म्हणाल तर काट्याचं टोक आत राहिलंय का ते नीट उजेडात बघून घ्या. पाय बरा होऊनही गाठ दोन-तीन आठवड्यांत बसली नाही, किंवा न दुखता टणक होत चालली, तर तिला अवधाण म्हणत घरी बसू नका, परत दाखवा.