आठवड्यातून तीनच दिवस ऑफिस: मेट्रोचा पास ठेवावा की सोडावा?

प्रश्न: मी दहिसर पूर्वेला मेट्रो स्थानकाजवळ राहतो आणि अंधेरी पूर्वेतील गुंदवली मेट्रो स्थानकालगतच्या ऑफिसात नोकरी करतो. आतापर्यंत दर महिन्याला मेट्रोचा 45 फेऱ्यांचा पास काढत आलो. आता ऑफिसात आठवड्यातून तीनच दिवस जावे लागते. पास चालू ठेवावा, 60 फेऱ्यांचा घेऊन सवलत वाढवावी, की मेट्रो सोडून लोकलचा वर्षाचा पास काढावा?

उत्तर: तुमच्या प्रश्नातले तीनही पर्याय पासाचेच आहेत. महिन्याचा पगार झाला की पास काढायचा, ही मुंबईकराची सवय इतकी मुरलेली आहे की पास न काढणे हाही एक पर्याय असतो, हे सहसा सुचत नाही. तुमच्या बाबतीत मात्र मला तोच सर्वांत योग्य वाटतो.

दहिसर पूर्व ते गुंदवली हे अंतर 12 ते 18 किलोमीटरच्या टप्प्यात येत असल्याने एका फेरीचे भाडे 30 रुपये आहे. 45 फेऱ्यांचे 1,350 रुपये होतात आणि त्यावर 15 टक्के सवलत मिळून पास 1,147 रुपये 50 पैशांना पडतो. हा पास 30 दिवसच चालतो. तीन दिवसांच्या हिशेबाने तुम्ही महिन्यातून साधारण 13 दिवस, म्हणजे 26 फेऱ्या कराल; उरलेल्या 19 फेऱ्या मुदतीबरोबर संपतील. म्हणजे प्रत्यक्ष केलेली प्रत्येक फेरी तुम्हाला 44 रुपयांना पडेल, आणि पास नसलेला माणूस शेजारच्याच गेटमधून 30 रुपयांत आत जाईल.

त्याऐवजी मुंबई वन कार्डात पैसे भरून प्रवास केल्यास सोमवार ते शनिवार 5 टक्के सवलत मिळते आणि फेरी 28 रुपये 50 पैशांना पडते. 26 फेऱ्यांचे 741 रुपये. पासाच्या तुलनेत महिन्याला 406 रुपये 50 पैसे, वर्षाला 4,878 रुपये वाचतात. कार्डाशी तुलना करता 45 फेऱ्यांचा पास 41व्या फेरीपासून फायद्यात जातो, म्हणजे महिन्यात 21 दिवस ऑफिस गाठावे लागेल. पाच दिवसांचा आठवडा असलेल्यालाही एखादी रजा किंवा सण आला की हा हिशेब जमत नाही. 60 फेऱ्यांच्या पासावर 20 टक्के सवलत असली तरी तो 1,440 रुपयांचा आहे, आणि न केलेल्या फेऱ्यांवरची सवलत ही बचत नव्हे.

लोकलच्या पासाचे गणित वेगळे आहे आणि ते तुमच्यासारख्या प्रवाशाला नकळत अनुकूल ठरते. दुसऱ्या वर्गाच्या मासिक पासाची किंमत साधारण 15 एकेरी तिकिटांइतकी ठेवण्याची रेल्वेची जुनी पद्धत आहे. जून 2014 मध्ये ती 30 तिकिटांवर नेण्याचे जाहीर झाले होते, परंतु मुंबईतून ओरड होताच काही दिवसांत तो निर्णय मागे घेण्यात आला. त्यामुळे लोकलचा पास आठव्या दिवशीच वसूल होतो. आठवड्यातून दोन दिवस जाणाऱ्यालाही तो परवडतो. दहिसर ते अंधेरी 10 रुपयांचे तिकीट धरले, तर मासिक पास सुमारे दीडशे रुपयांचा धरू. मेट्रोच्या 741 रुपयांपुढे हा आकडा कोणालाही मोहात पाडील.

मात्र तुमचे घर मेट्रोच्या जिन्याशी आहे, लोकलच्या स्थानकाशी नाही. रिक्षाचा मीटर फेब्रुवारी 2025 पासून 26 रुपयांवर पडतो. घर ते दहिसर स्थानक जाता-येता रिक्षा केली, तर दिवसाला 52 आणि 13 दिवसांचे 676 रुपये झाले. लोकलमुळे वाचणारे 591 रुपये तेवढ्यातच संपले, आणि अंधेरी स्थानकापासून ऑफिसपर्यंतचा प्रवास अजून हिशेबात धरलेलाही नाही. दोन्ही टोकांना चालत जाण्याची तुमची खरोखर तयारी असेल, जुलैच्या पावसातही असेल, तरच लोकलचा विचार करावा.

तसे ठरलेच, तरी वर्षाचा पास काढू नये. त्याची किंमत सुमारे 10.8 मासिक पासांइतकी असते, म्हणजे लाभ जेमतेम सव्वा महिन्याचा. तुमच्या बाबतीत दोनशे रुपयांच्याही आत. तेवढ्यासाठी वर्षभर एकाच मार्गाला बांधून घेऊ नये, कारण ज्या कंपनीने पाचाचे तीन दिवस केले, ती ऑफिस वांद्रे-कुर्ला संकुलात हलवू शकते किंवा पुन्हा पाच दिवस बोलावू शकते. तिमाही पास पुरेसा आहे.

प्रवासखर्चावर वेगळी करसवलत मिळेल का, असेही अनेक जण विचारतात. महिना 1,600 रुपयांची वाहतूक भत्त्याची सूट 2018-19 या आर्थिक वर्षापासून सर्वसाधारण पगारदारांसाठी रद्द झाली आणि तिच्या जागी प्रमाणित वजावट आली. ती नव्या करप्रणालीत सध्या 75,000 रुपये आहे आणि पास काढला काय, न काढला काय, तेवढीच राहते.

खरे तर दोष तुमच्या नियोजनाचा नाही, पासाच्या रचनेचा आहे. इंग्लंडमध्ये जून 2021 पासून 28 दिवसांत कोणतेही 8 दिवस वापरता येणारा रेल्वे पास मिळतो. आपल्या मेट्रोने 30 दिवसांत 24 फेऱ्यांचा पास 10 टक्के सवलतीत दिला, तर मी तुम्हाला तो लगेच घ्यायला सांगेन. तोपर्यंत हातातल्या पासाची मुदत संपू द्यावी, नवा काढू नये आणि कार्डात एका वेळी 500 रुपयांहून अधिक भरू नये. तीन महिन्यांनी कार्डाच्या व्यवहारांची यादी काढून फेऱ्या मोजाव्यात. सलग दोन महिने 40 च्या वर गेल्या, तरच 45 फेऱ्यांच्या पासाचा पुन्हा विचार करावा.