१० मीटर एअर रायफलसाठी पेलेट (छर्रे) कोणते घ्यावेत?

मुलगी नुकतीच पुण्यात बालेवाडीच्या शूटिंग रेंजवर सरावाला जायला लागलीय आणि दुकानदार टोकदार पेलेट गळ्यात मारतोय, असं तुम्ही लिहिलंय. ते अजिबात घेऊ नका. कागदी टार्गेटला सपाट तोंडाचेच लागतात, भोक गोल आणि स्वच्छ पडतं. टोकदाराने कागद फाटतो. टार्गेटच्या मधला दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर, मग गुण मोजणार कसे?

डबीवरचा ४.४९, ४.५० हा आकडा म्हणजे पेलेटच्या डोक्याचा व्यास, मिलिमीटरमध्ये. महाग तेच चांगलं असं नसतं, प्रत्येक रायफलच्या नळीची आवड वेगळी. रायफल व्हाइसमध्ये (शिकंज्यात) पक्की धरून प्रत्येक डबीतले दहा-दहा मारून बघा. ज्याच्या भोकांचा पुंजका सर्वांत लहान, त्याच बॅचच्या डब्या घ्या. कड चेपलेला पेलेट बाजूला काढा.

पेलेटमध्ये शिसं असतं हो, जेवायच्या आधी मुलीला साबणाने हात धुवायला लावा.