ओलोनी टायगर बीटल हा माळावरचा भुंगेरा नामशेष व्हायला का आलाय? जागेला कुंपण घातलं तर वाचेल ना?

नुसतं कुंपण घालून सोडून दिलंत तर उलट लवकर जाईल.

हा भुंगेरा कॅलिफोर्नियातल्या सांता क्रूझ काउंटीतला. समुद्राजवळच्या गवताळ सड्यांवर राहतो, जगात दुसरीकडे कुठेच नाही. सेंटीमीटरभर लांब, चकचकीत हिरवा. १९९३ साली त्याचं शास्त्रीय बारसं झालं आणि २००१ मध्ये अमेरिकेने त्याला संकटग्रस्तांच्या यादीत टाकलंसुद्धा.

त्याचे भाऊबंद मी पुण्यात वेताळ टेकडीवर पावसाळ्यात बघतो. पायवाटेवरून काहीतरी भुर्रकन उडतं, चार हात पुढे जाऊन बसतं, आपण जवळ गेलो की पुन्हा तेच. लोक माशी समजून पुढे जातात. खरी गंमत खाली मातीत आहे. गवत विरळ असलेल्या कडक जमिनीत गिरमिटाने पाडल्यासारखी गोल भोकं असतात. शेजारी उकिडवं बसून दहा मिनिटं गप्प राहायचं. अळी वर येते आणि आपल्या चपट्या डोक्यानेच भोक बंद करते, डबीला झाकण लावावं तसं. मुंगी जवळून गेली की झडप! तुमची सावली पडली की गडप. पाठीवर आकडे असतात, ते भोकाच्या भिंतीत रुतवून बसते, म्हणजे धडपडणारं भक्ष्य तिलाच बाहेर ओढत नाही.

या सगळ्याला उघडी माती लागते. दाट गवतात मादीला अंडी घालायला जागा नाही आणि पळत शिकार करणाऱ्याला मैदान नाही. तिकडे पूर्वी एल्क हरणं चरायची, ओलोनी आदिवासी गवत पेटवायचे (नाव त्यांच्यावरूनच पडलं), पुढे गाईगुरं आली. मग बऱ्याच जागी घरं उठली. उरलेल्या ठिकाणी चराई थांबली की युरोपातून आलेलं गवत माजतं. त्यामुळे भुंगेरा उरलाय तो गुरांच्या माळावर आणि पायवाटांवर. आणि पायवाटेवर उन्हाला बसला की सायकलीखाली चिरडतो! वाट बंद करावी तर तिच्यावरही गवत चढणार. म्हणून जानेवारीअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत, त्याच्या हंगामात, सायकलवाल्यांना वेग कमी करायला सांगतात. हौशी संग्राहकांचा त्रास वेगळाच.

आपल्याकडेही मोकळा माळ दिसला की हात शिवशिवतात. टेकड्यांवर उंदीरमारीची (ग्लिरिसिडिया) झाडं लावून झाली, सासवडकडच्या माळांना कागदोपत्री 'पडीक' म्हणून झालं, शेळ्या दिसल्या की हाकलतो. मीही एका वृक्षारोपणात खड्डे खणलेत, फोटोसुद्धा आहे. त्या मातीत भोकं होती का, हे तेव्हा बघितलंच नव्हतं.

तुम्ही पुण्यातले असाल तर दोन-तीन पाऊस झाल्यावर, ऊन पडलं की टेकडीवर जा. जवळचा चष्मा असेल तर तो विसरू नका.