इतिहासाचे वेड आणि पोटापाण्याची सोय

संगमनेर तालुक्यातील एका पालकांचे पत्र आले आहे. त्यांचे किराणा दुकान आहे आणि मुलगी इंग्रजी विषय घेऊन बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात शिकते. घरातील ट्रंकेत पणजोबांच्या वेळचे मोडी कागद सापडल्यापासून तिला इतिहासाचे वेड लागले असून आता एम.ए. इतिहासातच करायचे, असा तिचा हट्ट आहे. ‘इतिहासकार सर जदुनाथ सरकारांनीही एम.ए. इंग्रजीतच केले होते,’ असे ती वडिलांना सांगते. वडील विचारतात: ‘त्या काळातल्या एवढ्या मोठ्या माणसाचे उदाहरण घेऊन आमच्यासारख्यांनी मुलीला या वाटेने जाऊ द्यावे का? यात पोट भरेल का?’

सप्रेम नमस्कार.

आपल्या मुलीने दिलेले उदाहरण अचूक आहे, परंतु ते तिने अर्धेच सांगितले आहे. उरलेला अर्धा भाग आपल्या काळजीला अधिक जवळचा असल्यामुळे तो आधी सांगतो.

जदुनाथ सरकार यांचा जन्म 1870 मध्ये, आज बांगलादेशात असलेल्या राजशाही भागातील करचमारिया या गावी झाला. 1892 मध्ये ते कलकत्ता विद्यापीठातून इंग्रजीत एम.ए. झाले आणि पहिल्या वर्गात पहिले आले. पुढच्याच वर्षी त्यांनी कोलकात्याच्या रिपन कॉलेजात इंग्रजी शिकवायला सुरुवात केली. तिथून 1926 मध्ये कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू होईपर्यंतची तेहेतीस वर्षे त्यांनी प्राध्यापकाच्या नोकरीत काढली. त्यांतील बराच काळ पाटण्यात गेला, मध्ये काही वर्षे बनारस हिंदू विद्यापीठात आणि कटकच्या रेव्हनशॉ कॉलेजात गेली. औरंगजेबाच्या इतिहासाचे पाच खंड आणि शिवाजी महाराजांवरचा 1919 चा ग्रंथ ही सगळी कामे वर्गात शिकवून, उत्तरपत्रिका तपासून, बदल्या सोसून उरलेल्या वेळात झालेली आहेत. औरंगजेबाचे पहिले दोन खंड 1912 मध्ये आले आणि पाचवा 1924 मध्ये. नोकरी सोडून संशोधनाला वाहून घेतलेला माणूस अशी त्यांची प्रतिमा मुलांच्या मनात असते, परंतु महिन्याच्या पगारावर घर चालले म्हणूनच त्यांना एका विषयाला पंचवीस वर्षे देता आली, हे आपल्या मुलीला नीट समजावून सांगावे.

एक फरकही मान्य करायला हवा. त्यांचा जन्म जमीनदाराच्या घरात झाला होता आणि वडिलांचा स्वतःचा ग्रंथसंग्रह होता. 1897 मध्ये त्यांना प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती मिळाली. (मुंबईचा राजाबाई टॉवर ज्यांच्या देणगीतून उभा राहिला, त्याच व्यापाऱ्याच्या नावाची ही शिष्यवृत्ती.) दुकानावर चालणाऱ्या घराने त्यांच्याशी बरोबरी करू नये. आपल्याला अधिक जवळचे उदाहरण म्हणजे त्यांचे मित्र, रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गोविल गावचा हा मुलगा 1889 मध्ये बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या नोकरीत गेला. महाराजांना ग्रंथ वाचून दाखवणे आणि राजपुत्रांना शिकवणे, अशी ती कामे होती. नोकरी सांभाळून त्यांनी रियासती, म्हणजे इतिहासाचे मराठी ग्रंथ, लिहिल्या, 1925 मध्ये निवृत्ती घेतली आणि त्यानंतर पेशवे दफ्तरातून, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराच्या पुण्यातील कागदसंग्रहातून, निवडलेल्या कागदांचे पंचेचाळीस खंड 1930 ते 1934 या काळात संपादित केले. या दोघांचा पत्रव्यवहार पन्नास वर्षांहून अधिक काळ चालला. ‘पोटासाठी एक, मनासाठी एक’ अशी त्यांची फारकत नव्हती. शिकवण्याची नोकरी आणि कागदांचे काम एकमेकांना धरून चालले होते. माझा सगळा सल्ला यावरच उभा आहे.

आता आजच्या परिस्थितीविषयी. सहायक प्राध्यापक होण्यासाठी एम.ए.ला खुल्या प्रवर्गात 55 टक्के, राखीव प्रवर्गात 50 टक्के गुण आणि त्याच विषयात नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. परंतु पात्रता मिळाली म्हणजे नोकरी मिळाली, असे मी आपल्याला सांगणार नाही. सेट-नेट होऊनही वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, तुटपुंज्या मानधनात शिकवणारी हुशार मुले-मुली मला नेहमी भेटतात आणि त्यांच्या आईवडिलांसमोर काय बोलावे, हे मला दर वेळी कळत नाही. म्हणूनच आपल्या मुलीने इंग्रजीची पदवी अर्धवट सोडून इतिहासाच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेऊ नये. ही पदवी पूर्ण करावी. बी.ए. इंग्रजी असलेल्यांना अनेक विद्यापीठांत एम.ए. इतिहासाला प्रवेश मिळतो. तिला ज्या विद्यापीठात जायचे आहे, तिथला नियम या वर्षीच पाहून ठेवावा. एम.ए.नंतर इंग्रजी अध्यापन पद्धती घेऊन बी.एड. केल्यास शाळेचा दरवाजा उघडा राहतो, आणि आपल्या भागात चांगले इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षिकेला काम मिळणे इतिहासाच्या शिक्षिकेपेक्षा सोपे आहे. यात तिने कमीपणा मानू नये.

मात्र खरी तयारी पदवीच्या बाहेरची आहे आणि ती आजपासून सुरू व्हायला हवी. जदुनाथांचे वेगळेपण त्यांच्या भाषांमध्ये होते. फारसी कागद मुळातून वाचता यावेत म्हणून ते फारसी शिकले आणि मराठ्यांचा इतिहास लिहायचा म्हणून मराठी शिकले. त्यांच्या अनेक निष्कर्षांवर पुण्याच्या अभ्यासकांनी कडक आक्षेप घेतले आणि त्यांतले काही मलाही पटतात, परंतु बंगालमधल्या माणसाने आपली भाषा शिकून आपले कागद वाचले, याबद्दल मला त्यांचा मनापासून आदर वाटतो. आपल्या मुलीला मराठी घरातच मिळाली आहे. तिने मोडी आणि पाठोपाठ फारसीची ओळख करून घ्यावी.

या कामात नेमके काय करावे लागते, ते एका उदाहरणाने सांगतो. पेशवेकालीन पत्रावर सन अनेकदा अरबी संख्याशब्दांत असतो: ‘इहिदे सितैन मया व अलफ’. इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. म्हणजे शुहूर सन (मराठी कागदांत वापरली जाणारी एक कालगणना) 1161. त्यात 599 मिळवले की इसवी सन 1760 येते. परंतु हे वर्ष मृग नक्षत्राला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी, सुरू होते, त्यामुळे जानेवारी ते मे महिन्यांतल्या पत्रासाठी 600 मिळवावे लागतात. पानिपतची लढाई 14 जानेवारी 1761 ची, याच सनातली. जो 599 मिळवून थांबेल, तो लढाईनंतरचे पत्र वर्षभर आधीचे ठरवील आणि त्यावर उभे केलेले सगळे कोसळेल. अशा हिशेबात तासन्‌तास बसायला आपल्या मुलीला आवडते का, हे तिचे तिलाच तपासू द्या. वाचनाचे वेड आणि कागदांचे वेड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मोडीचा दुसरा उपयोग थेट रोजगाराचा आहे. जमिनीची जुनी प्रकरणे आणि जात पडताळणी यांसाठी मोडी वाचणारे लागतात. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधण्याची मोहीम सुरू झाली, तेव्हा जाणकारांची किती वानवा आहे, हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. पुराभिलेख संचालनालय आणि पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ यांच्यामार्फत मोडीचे वर्ग वेळोवेळी होतात. येत्या सुट्टीत तिला अशा वर्गाला घाला आणि पुण्याला पेशवे दफ्तर पाहायला आपणही तिच्याबरोबर जा. फडक्यात बांधलेले ते कागदांचे गठ्ठे, म्हणजे रुमाल, मांडणीवर ओळीने पाहिले, की मुलगी कशासाठी हट्ट धरते आहे, हे आपल्याला कळेल. वर्ग संपल्यावर ती रोज तासभर कागदासमोर बसते का, हे सहा महिने पाहा आणि एम.ए.चा निर्णय त्यानंतर दोघांनी मिळून घ्या.

आणि ट्रंकेतल्या त्या कागदांचे तेवढे लगेच करा. फाटलेल्या ठिकाणी चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. घड्या हलक्या हाताने उघडून दिवसाच्या उजेडात, परंतु ऊन न लागू देता, प्रत्येक कागदाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा आणि मूळ कागद धुतलेल्या कोऱ्या सुती फडक्यात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. मुलीचा पहिला अभ्यास त्या फोटोंवरच होऊ द्या.