वरचा मजला बांधायचाय, पण कर्ज कुणाकडून?

कराडचे एक शिक्षक लिहितात: 2017 साली बँकेकडून घेतलेल्या गृहकर्जाचे 14 लाख बाकी आहेत, 11 वर्षं उरलीत, व्याज 9.4 टक्के, हप्ता 17,056. घरावर दोन खोल्या चढवायला आणखी 10 लाख हवेत. एक फायनान्स कंपनी जुनं कर्ज उचलून एकूण 24 लाख देतेय, 8.75 टक्क्यांनी, 20 वर्षांसाठी, हप्ता 21,209. एजंट म्हणतो, मंजूर नकाशाची गरज नाही. वय 46, हातात पगार 72,000. घ्यावं का?

सर, घेऊ नका. हप्ता हलका दिसतो तो मुदतीमुळे. तुम्ही 58व्या वर्षी निवृत्त होणार आणि हे कर्ज 66पर्यंत चालणार. शेवटची आठ वर्षं हप्ता पेन्शनमधून जाईल. वीस वर्षांत एकूण सुमारे 51 लाख भराल.

आधी तुमच्याच बँकेत जा. 2017चं कर्ज म्हणजे ते एमसीएलआरला, म्हणजे बँक स्वतःच्या खर्चावरून ठरवते त्या दराला, जोडलेलं असणार. 1 ऑक्टोबर 2019पासून बँकांना नवी बदलत्या व्याजाची गृहकर्जं रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो) बाहेरच्या दराला जोडावी लागतात, पण जुने कर्जदार स्वतः मागितल्याशिवाय तिकडे जात नाहीत. 2025च्या फेब्रुवारी ते जूनमध्ये रेपो 6.5वरून 5.5वर आला, त्याचा पूर्ण फायदा तुमच्यापर्यंत पोचलेला दिसत नाही. लेखी अर्ज द्या. तुम्हीच लिहिलंय की नव्या ग्राहकाला तीच बँक 8.25 लावते. तो दर मिळाला आणि हप्ता 17,056च ठेवला, तर कर्ज जवळजवळ 11 महिने आधी फिटेल आणि सुमारे 1 लाख 83 हजार वाचतील. शाखेत 'हप्ता कमी करू का?' असं विचारतील, तेव्हा नाही म्हणा.

वाढीव बांधकामाचे 10 लाख त्याच बँकेकडून वेगळं कर्ज म्हणून मागा, 12 वर्षांसाठी. दर 8.5 धरला तर हप्ता 11,100. दोन्ही मिळून 28,156, म्हणजे पगाराच्या 39 टक्के. ओढाताण होईल, मान्य आहे. पण एकूण भरणा सुमारे 37 लाखांत आटपेल आणि निवृत्तीच्या दिवशी घर मोकळं असेल.

नकाशाबद्दल मात्र मला खरी काळजी वाटते. माझ्या एका अशिलाने परवानगीशिवाय मजला चढवला. पुढे घर विकताना घेणाऱ्याच्या बँकेचा व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत ठरवणारा, आला, टेप लावून खालचा मजला मोजला आणि जिना न चढताच निघून गेला. वरच्या खोल्यांची किंमत शून्य धरली. तुम्ही आर्किटेक्टकडून नगरपरिषदेत प्रस्ताव टाका, जुन्या पायाला वरचं वजन झेपेल का याचा स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला घ्या, आणि मगच बँकेत फाइल द्या.

पैसे एकरकमी मिळत नाहीत हेही ठेकेदाराला आत्ताच सांगा. तुमचा वाटा आधी घातला जातो, मग बँकेचा माणूस काम पाहून टप्प्याटप्प्याने रक्कम सोडतो. सेंट्रिंग लागलेलं, सळई बांधलेली आणि बँकेकडची पुढची रक्कम अडकलेली, अशा आठवड्यासाठी दीड लाख बाजूला असू द्यात.

सही करण्याआधी की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा कागद, मागा आणि त्यात एपीआर, म्हणजे एकूण वार्षिक दर, पाहा. प्रोसेसिंग फी धरून खरा दर तिथे कळतो. कर्जासोबत एकरकमी विमा चिकटवला असेल तर काढायला लावा आणि साधा टर्म इन्शुरन्स वेगळा घ्या. बँकेने अर्ज नाकारलाच, तर दुसऱ्या बँकेत जा. बदलत्या दराच्या गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही, त्यामुळे जुनी बँक तुम्हाला अडवू शकत नाही. फायनान्स कंपन्यांवर मात्र बाहेरच्या दराला जोडण्याची सक्ती नाही, म्हणून तो रस्ता शेवटचा.

दिवाळीनंतर जिना तोडून काम सुरू करायचं ठरलंय असं लिहिलंत. बँकेचं मंजुरीपत्र आणि नगरपरिषदेची परवानगी दोन्ही हातात येईपर्यंत तो जिना तसाच राहू द्या.